पूर्णवेळ चित्रकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या उत्सवात गाणे असते, नाटक असते, कीर्तनही असते. चित्रकला मात्र बहुधा व्यासपीठाच्या मागच्या पडद्यावर असते. पडदा कोणी रंगवला, हे विचारण्याची आपल्याकडे प्रथा नाही. यंदा मंडळाने चित्रकलेला त्या पडद्यावरून खाली उतरवून व्याख्यानाचा विषय केले, याबद्दल कार्यकारिणीचे मनःपूर्वक अभिनंदन करून आम्ही विषयाकडे वळतो.

चित्रकाराची ओळख करून दिली की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. ‘चित्रे काढतात, हे समजले, पण करतात काय?’ हा प्रश्न कुत्सितपणाचा नसतो. आपण भिलाईकर. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि तेव्हापासून या गावाचा दिवस कारखान्याच्या पाळ्यांनी आखला गेला. येथे कामाला वेळ असते, फाटक असते, हजेरी असते, आणि महिन्याच्या अखेरीस किती टन माल निघाला याचा आकडा असतो. ज्या माणसाला यांपैकी काहीच नाही, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत करतो तरी काय, असे वाटणे स्वाभाविकच होय. त्याच प्रश्नाचे उत्तर आज आम्ही शोधू इच्छितो. त्यासाठी एकाच चित्रकाराचे आयुष्य जरा जवळून पाहू. हे चित्रकार म्हणजे वासुदेव संतू गायतोंडे.

गायतोंडे मूळचे गोव्याकडील कुटुंबातले. त्यांचा जन्म मात्र २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात झाला. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, आणि आपला दुर्ग जिल्हा त्याच प्रांतात मोडत असे. म्हणजे ज्या राजधानीकडे दुर्गचा माणूस कज्जे-खटल्यांसाठी आणि कॉलेजसाठी जात असे, त्या नगरीत हा चित्रकार जन्मला. पुढे त्यांचे वाढणे झाले ते मुंबईत, गिरगावच्या चाळीत. चाळीतल्या दोन खोल्यांत एकान्त नावाची वस्तू मिळत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना आई-वडिलांच्या तोंडून ठाऊक असेल. पुढील आयुष्यात ज्याने एकान्त हेच आपले मुख्य साधन मानले, त्याचे बालपण असे माणसांच्या गर्दीत गेले.

सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ साली त्यांनी पदविका मिळवली. तेथे जगन्नाथ अहिवासी यांच्या हाताखाली त्यांना भारतीय लघुचित्रपरंपरेचे शिक्षण मिळाले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण गायतोंड्यांची उत्तरकालीन चित्रे पाहून ‘यांना काही काढता येत नसावे’ असा शेरा मारणारे आजही भेटतात. सपाट रंगक्षेत्रे, लयदार रेषा आणि मनुष्याकृती यांवर त्यांचे पहिले प्रभुत्व होते. नंतर त्यांना पाउल क्लेच्या चित्रांची ओढ लागली, आणि हळूहळू आकृती गळत गेली. जे सोडले ते आधी कमावलेले होते, हे विसरून चालणार नाही.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. गायतोंडे लवकरच त्या वर्तुळात आले. या तरुणांची उपजीविका कशी चाले, ते पाहण्यासारखे आहे. आरा यांनी घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या. हुसेन यांनी सिनेमाची फलके रंगवली, लाकडी खेळण्यांचे नमुने केले. चित्रे विकत घेणारा वर्ग फारच लहान होता. युरोपातील यादवीतून मुंबईस आश्रयाला आलेले काही रसिक, काही उद्योजक, चौकटी बनवण्याच्या धंद्यातून कलादालनाकडे वळलेले केकू गांधी, आणि होमी भाभांसारखा एखादा शास्त्रज्ञ, एवढाच तो वर्ग होता.

भाभांचे उदाहरण आपल्यासारख्या औद्योगिक नगरीने आवर्जून लक्षात ठेवावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंदाजपत्रकातील एक टक्का रक्कम कलाकृतींसाठी खर्च करण्याची परवानगी त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळवली होती, असे सांगतात. त्यातून संस्थेचा चित्रसंग्रह उभा राहिला आणि त्यात गायतोंड्यांचीही चित्रे आली. जेथे विश्वकिरणांचा अभ्यास चाले, त्याच इमारतीच्या भिंतींनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना घरभाडे आणि रंगांचे पैसे पुरवले. ही दानशूरता नव्हती. ती खरेदी होती. दोहोंतील भेद चित्रकाराच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि त्याकडे आम्ही अखेरीस पुन्हा येऊ.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत गायतोंड्यांना काम करण्यास जागा मिळाली. समुद्राकाठच्या त्या बंगल्यात रविशंकरांचे संगीत शिक्षण चाले, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, आणि चित्रकार आपापल्या खोलीत काम करीत. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली, आणि त्या दशकाच्या आरंभी ते दिल्लीस निजामुद्दीन पूर्व येथे राहावयास गेले. तेथील गच्चीवरच्या लहानशा बिऱ्हाडात त्यांनी उरलेले बहुतेक आयुष्य काढले. लग्न केले नाही. सभा-समारंभांना जाणे नाही, प्रदर्शनांची धावपळ नाही. १९८९-९० चा कालिदास सन्मान त्यांना मध्यप्रदेश शासनाने दिला. भिलाई तेव्हा मध्यप्रदेशातच होती, म्हणजे तो मान आपल्या राज्याने दिलेला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा माणूस दिवसभर करी काय?

वर्षाकाठी त्यांच्या हातून पाच-सहा चित्रे पूर्ण होत, असे सांगतात. कारखान्याच्या हिशेबाने हे उत्पादन नगण्य ठरेल. पण एक चित्र कसे घडे ते पाहिले म्हणजे हिशेब बदलतो.

गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेत नसत. वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना मान्य होता. भेद सूक्ष्म आहे, परंतु कामाच्या पद्धतीवर त्याचा थेट परिणाम होतो. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि त्यातून तपशील वगळत गेलो, असा अर्थ होतो. झाड पाहिले, पाने वगळली, फांद्या वगळल्या, एक उभी रेघ राहिली. वस्तुनिरपेक्ष चित्राला असे झाड मुळातच नसते. समोर कशाचाही आधार नाही. रंग, पृष्ठभाग आणि प्रकाश एवढेच आहे. साहजिकच अशा चित्रकाराला बाहेर जाऊन विषय शोधता येत नाही. त्याला कॅनव्हाससमोर बसावे लागते. बसणे हाच त्याच्या कामाचा मोठा भाग. महिनोन्‌महिने मनात चाललेले चित्र कॅनव्हासवर उतरण्यास प्रत्यक्षात थोडा वेळ लागे. पण तो थोडा वेळ त्या महिन्यांशिवाय येत नसे.

हात चालू लागला म्हणजे साधने साधी असत. कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांवर त्यांचा भर होता. तैलरंगाचा एक पातळ थर रोलरने पसरावयाचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कोठे ओला रंग नाइफने ओढून खालचा थर उघडा करावयाचा. वृत्तपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून, त्यांना रंग लावून ते कॅनव्हासवर दाबावयाचे आणि उचलून घ्यावयाचे. त्यांचे अनियमित ठसे मागे राहत. कोणत्याही लिपीतले नसलेले अक्षर जुन्या ताम्रपटावर अर्धवट पुसले जावे, तसे ते ठसे दिसतात. पाहणारा पुढे सरसावतो, वाचू पाहतो, आणि वाचता येत नाही म्हणून थांबतो. थांबल्यावर त्याला मागचा प्रकाश दिसू लागतो. पिवळ्यातून, करड्यातून, गडद हिरव्यातून झिरपणारा तो प्रकाश वरून लावलेला नसतो. खालच्या थरांतून तो वर येतो.

यात दैवाचा भाग किती आणि योजनेचा किती, असे विचारले जाते. कागद कोठे फाटेल, ठसा कसा उमटेल, यावर पूर्ण ताबा नसतो. परंतु उमटलेला ठसा ठेवावयाचा की पुसावयाचा, हा निर्णय चित्रकाराचाच असतो, आणि तो निर्णय घेण्याची पात्रता वर्षानुवर्षे पाहण्याने येते. तैलरंगाचा थर वाळण्यास दिवस लागतात. त्या अवधीत चित्रकार पाहत असतो. शेजाऱ्याला मात्र तो नुसता बसलेला दिसतो.

आपल्यापैकी ज्यांनी झोतभट्टीवर आयुष्य काढले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षे ती अखंड चालू ठेवावी लागते. रस बाहेर काढण्याची वेळ थोडी. भट्टी तापती ठेवण्याची वेळ रात्रंदिवस. आत काय चालले आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. अनुभवी माणूस उष्णतेवरून, वायूवरून, रसाच्या रंगावरून ते ओळखतो. पूर्णवेळ चित्रकाराचा पूर्णवेळ म्हणजे हा भट्टी तापती ठेवण्याचा वेळ. नोकरी करून रविवारी चित्र काढणाऱ्याचा हात कमी कुशल असतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्याला दर आठवड्याला भट्टी नव्याने पेटवावी लागते, आणि तिला ऊब येते न येते तोच सोमवार उजाडतो.

हा विस्तव गायतोंड्यांनी कशावर जोपासला, याचेही थोडे सांगितले पाहिजे. झेन विचाराचे त्यांना मोठे आकर्षण होते. रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्याकडे त्यांचा ओढा होता, आणि निसर्गदत्त महाराजांविषयी त्यांना विशेष आदर होता. निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचे दुकान चालवून संसार केलेले गृहस्थ. देशोदेशींचे जिज्ञासू त्यांच्या माळ्यावर येत, आणि महाराज त्यांच्याशी बोलत ते मराठीतून. ज्या चित्रांत कोणताही प्रदेश, कोणतीही भाषा दिसत नाही, त्या चित्रांच्या मागे असे मराठी बोलणे होते. आणखी एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. या चित्रांच्या पाठीमागे अनेक ठिकाणी त्यांची सही आढळते ती देवनागरीत. दिल्लीत राहिलेल्या, न्यूयॉर्क पाहिलेल्या या माणसाने आपले मराठीपण कधी मिरवले नाही आणि टाकूनही दिले नाही. प्रवासी मराठी कुटुंबांना यात विचार करण्यासारखे काही असावे.

१९८४ साली त्यांना अपघात झाला. दुखापतीमुळे मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून काम करणे त्यांना पुढे काही वर्षे अशक्य झाले. कामगाराच्या आयुष्यातील अपघात म्हणजे काय, हे या नगरीला सांगावयास नको. तथापि आपल्या कामगाराला विमा असतो, रुग्णालय असते, भरपाई असते. पूर्णवेळ चित्रकाराला यांतले काही नसते. त्या वर्षांत गायतोंड्यांनी कागदावर शाईची लहान लहान रेखाटने केली. मोठा कॅनव्हास नाही तर वीतभर कागद. रंगांचे थर नाहीत तर काळ्या शाईच्या चार खुणा. काही वर्षांनी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. अखेरच्या वर्षांत हात थांबला, तेव्हाही चित्रे मनात होतच राहिली, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी सांगितले आहे. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची कथा वृत्तपत्रांतून आपण वाचली असेल. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटींहून अधिक रकमेस विकले गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे समग्र प्रदर्शन भरवले. पुढे ते व्हेनिसलाही गेले. २०१६ साली ‘चिन्ह’ने सतीश नाईक यांच्या संपादनाखाली ‘गायतोंडे’ हा मराठी ग्रंथ काढला. लिलावाचे आकडे तर त्यानंतर आणखी वर चढले. हे आकडे ऐकून काही पालकांचे डोळे चमकतात, म्हणून स्पष्ट सांगतो. ही रक्कम गायतोंड्यांनी कमावलेली नाही. ती त्यांच्या मृत्यूनंतर चित्रे बाळगणाऱ्यांच्या व्यवहारातली आहे. त्यांच्या वाट्याला आली ती गच्चीवरची खोली, मोजके स्नेही, आणि सक्ती नसलेला वेळ. त्यांनी मागितला होता तोही वेळच.

आता कोणी म्हणेल, असे वैराग्य सर्वांना कसे झेपावे? ते झेपत नाही, आणि झेपलेच पाहिजे असेही नाही. चित्रकाराला दुसऱ्याही वाटा आहेत. इंदूरला १९१० साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवली, अधिष्ठातापद भूषवले, आणि १९६६ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, ते पद सोडून मुंबईत पूर्णवेळ चित्रकार झाले. नागावला जन्मलेले प्रभाकर बरवे १९६१ च्या सुमारास विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले. हातमागाच्या कापडाचे नमुने करण्यात त्यांची सुमारे दोन दशके गेली. त्याच काळात ते चित्रेही करीत राहिले, रोजनिशी लिहीत राहिले, आणि त्या चिंतनातून १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ हा ग्रंथ मराठीला मिळाला. बेंद्र्यांनी अध्यापनातून आणि बरव्यांनी नोकरीतून आपला विस्तव राखला. वाट कोणतीही असो, तिघांनीही एक गोष्ट सारखीच केली. चित्र हे उरलेल्या वेळाचे काम त्यांनी मानले नाही. दिवसाचे तास दुसऱ्याला विकावे लागले तरी मन विकले नाही.

हे सारे भिलाईत बसून सांगण्याचे प्रयोजन आता सांगतो.

आपल्या घरांतून मुले अभियंते झाली, डॉक्टर झाली, परदेशी गेली. आम्हांस त्याचा अभिमान आहे. परंतु एखादी मुलगी बारावीनंतर म्हणते, ‘मला खैरागडच्या विद्यापीठात चित्रकला शिकावयाची आहे,’ तेव्हा घरात सन्नाटा पसरतो. १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विद्यापीठ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. ललित कलांसाठी दूरवरून विद्यार्थी तेथे येतात, आणि आपण मात्र तेथे जाण्यास आपल्याच मुलांना बिचकवतो. पालकांची भीती खोटी नाही. उत्पन्नाची शाश्वती नाही, हे खरे. आजारपणात आधार नाही, हेही खरे. गायतोंड्यांच्या आयुष्याने त्याची साक्ष दिलीच आहे. मुलीला ते खरेखरे सांगावे, बरव्यांची वाटही दाखवावी. पण तिला ‘हे काम नव्हे’ असे सांगू नये, कारण ते असत्य आहे. चित्र काढणे हे काम आहे, कष्टाचे काम आहे, आणि त्यातले बहुतेक कष्ट बाहेरून दिसत नाहीत.

दुसरे सांगणे मंडळाला आहे, आणि सुवर्णमहोत्सवी वर्षात ते कटू वाटू नये. गणपतीचे मखर, नाटकाचा पडदा, रंगावलीचा गालिचा, स्मरणिकेचे मुखपृष्ठ, ही कामे आपण चित्रकाराकडून हक्काने करून घेतो आणि समारोपाला शाल-श्रीफळ देतो. विजेच्या तारा ओढणाऱ्यास आणि मांडववाल्यास आपण शाल देत नाही. त्यांचे बिल चुकते करतो. चित्रकाराला सन्मान हवाच, पण त्याच्याही घरी वाणी महिन्याचा हिशेब घेऊन येतो. भाभांच्या संस्थेने तरुण चित्रकारांचा सत्कार केला म्हणून ते तगले नाहीत. तिने त्यांची चित्रे विकत घेतली म्हणून तगले.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. मंडळाने दरवर्षी या परिसरातील एका चित्रकाराचे एक चित्र रोख किंमत देऊन विकत घ्यावे आणि सभागृहात लावावे. विकत घेण्याआधी सभासदांनी नेहरू आर्ट गॅलरीत जाऊन चित्रे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाहताना ‘हे काय आहे?’ असे पहिल्याच क्षणी न विचारता पाच मिनिटे उभे राहावे. ज्या चित्रासाठी कोणी पाच महिने बसला, त्यासाठी पाच मिनिटे फार नव्हेत. येणाऱ्या पन्नास वर्षांत सभागृहाच्या भिंतीवर पन्नास चित्रे होतील. शंभराव्या वर्षी जो कोणी या व्यासपीठावर उभा राहील, त्याला भिंतीकडे बोट दाखवून सांगता येईल की या गावाने पोलाद तर केलेच, शिवाय पोलाद न करणाऱ्यांचा वेळही मोलाचा मानला.